नीट दिसतंय, मग डोळ्याचा पडदा कशाला तपासायचा?

मधुमेहाचं निदान झालं की डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पथ्य सांगतात आणि चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ लिहितात: ‘पडदा तपासून घेणे.’ गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू होतात. सकाळचं चालणंही सुरू होतं. तळाची ओळ तेवढी राहून जाते. घरच्यांनी आठवण केली तर उत्तर ठरलेलं असतं, ‘मला व्यवस्थित दिसतंय. पेपर वाचतो, रात्री गाडी चालवतो. डोळ्यांना काय धाड भरलीय?’

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा जो देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. चाळिशीपुढच्या मधुमेहींची देशभर पाहणी झाली तेव्हा साधारण आठांमागे एकाच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. म्हणजे हा प्रश्न आपल्या वाड्यात, सोसायटीत, बहुधा आपल्या घरातही आहे.

‘नीट दिसतंय’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच नीट दिसत असतं. पण नीट दिसतं म्हणून पडदा नीट आहे, असं मात्र म्हणता येत नाही. हे असं का, ते पडद्याची घडण समजून घेतली की कळतं. तिथूनच सुरुवात करू.

पडदा कुठे असतो, कशाचा असतो

डोळ्यात समोरून आत शिरलं तर आधी पारदर्शक पारपटल लागतं, मग बाहुली, तिच्यामागे भिंग, त्यानंतर घट्टसर पारदर्शक द्रवाने भरलेली मोठी पोकळी आणि या पोकळीच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेलं एक पातळ अस्तर. हे अस्तर म्हणजे दृष्टिपटल. डॉक्टर रेटिना म्हणतात, आपण पडदा म्हणतो. मोतीबिंदू होतो तो भिंगाचा. त्याचं ऑपरेशन करून कितीही चांगलं भिंग बसवलं, तरी मागचा पडदा खराब असेल तर नजर म्हणावी तशी सुधारत नाही.

पडद्याची जाडी बहुतेक ठिकाणी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्यात पेशींचे थरावर थर रचलेले असतात. हे थर मुळात मेंदूचे आहेत. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असतो तेव्हा, ज्या नळीपासून पुढे मेंदू घडणार असतो तिच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी फुगवटे येतात. ते वाढत वाढत कातडीपर्यंत पोचतात आणि त्यांचाच पडदा होतो. म्हणून पडद्याला मेंदूची शक्ती मिळाली आहे आणि मेंदूची मर्यादाही. कापलेलं बोट भरून येतं, मोडलेलं हाड सांधतं, पण पडद्यातली मेलेली चेतापेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मेंदूचा हा भाग कवटीत बंद नाही, समोर पारदर्शक खिडकी ठेवून बसलेला आहे. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहता येईल असं उपकरण जगापुढे आणलं आणि जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कुठेही न कापता पाहण्याची सोय झाली. आजही मधुमेहाने किंवा रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्यांचं काय केलंय हे पाहायचं, तर डोळ्याइतकी सोपी जागा शरीरात दुसरी नाही.

दहा कोटी पेशी, दहा लाख तंतू

उजेड टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. शाळेच्या पुस्तकात त्यांची नावं होती: दंडाकार आणि शंक्वाकार. एका डोळ्यात दंडपेशी दहा कोटींच्या घरात असतात. अगदी मंद उजेडावर त्या काम करतात, पण रंग ओळखत नाहीत. शंकुपेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास. त्यांना भरपूर उजेड लागतो, रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे दिसतात.

आता गंमत पाहा. एवढ्या पेशींनी टिपलेली माहिती मेंदूकडे नेणाऱ्या डोळ्याच्या नसेत तंतू असतात जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे पडद्यालाच आधी काटछाट करावी लागते.

वर्तमानपत्राचं जिल्हा कार्यालय डोळ्यासमोर आणा. गावोगावचे वार्ताहर दिवसभर मजकूर पाठवतात, छापायला पानं मात्र ठरलेली. मग उपसंपादक चाळत बसतात. दहा गावांतून ‘पाऊस नाही’ एवढंच आलं असेल तर एक ओळ पुरते. एका गावात गारपीट झाली असेल तर ती बातमी वर जाते. पडद्यात उजेड टिपणाऱ्या पेशी हे वार्ताहर. त्यांच्या पुढच्या थरांतल्या पेशी चाळण्याचं काम करतात आणि शेवटच्या थरातल्या पेशी तयार मजकूर नसेतून मेंदूकडे पाठवतात. पांढरी भिंत पाहताना मधल्या सगळ्या पेशी एकच सांगत असतात, म्हणून पुढे फार काही जात नाही. भिंत जिथे संपते आणि दार सुरू होतं, त्या कडेची खबर मात्र जोरात जाते. फरक आणि बदल यांनाच पडदा महत्त्व देतो. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या थरांची हाताने काढलेली चित्रं आजही थक्क करतात. चेतासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी त्यांना १९०६ चं नोबेल मिळालं.

पडद्याच्या मधोमध एका जागी मात्र अशी काटछाट जवळजवळ नसते. त्या भागाला मॅक्युला म्हणतात. त्याच्या अगदी केंद्रातल्या खळग्यात नुसत्या शंकुपेशी असतात, चौरस मिलिमीटरला सरासरी दोन लाखांच्या आसपास, आणि तिथल्या जवळपास प्रत्येकीला स्वतःची स्वतंत्र वाट असते. वाचन, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं हे सगळं या इवल्याशा जागेच्या जिवावर चालतं. पडताळून पाहायचं असेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवून ठेवा आणि ती न हलवता चार शब्द पुढचं वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं आहेत हे कळतं, कुठली ते कळत नाही. आपल्याला सगळं पान स्वच्छ दिसल्यासारखं वाटतं, कारण नजर सतत उड्या मारत असते आणि मेंदू ते तुकडे जोडत असतो.

त्या केंद्रात दंडपेशी नसतात, याचा अनुभव गावाकडे अंगणात झोपलेल्या कुणालाही आला असेल. एखादा अंधूक तारा थेट पाहायला गेलं की नाहीसा होतो. नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा दिसतो.

उजेड पडला की पेशी गप्प होते

दंडपेशीत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू असतो, एका जागी वाकलेला. प्रकाशाचा कण येऊन आदळला की तो सरळ होतो. या बदलातून रासायनिक साखळी सुरू होते आणि शेवटी विजेचा संदेश तयार होतो. हा रेणू उलगडून दाखवणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल मिळालं. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो तो याचमुळे. पपई, गाजर, शेवग्याचा पाला खाऊन ही उणीव भरून निघते. चष्म्याचा नंबर मात्र त्याने जात नाही, कारण नंबर हा डोळ्याच्या आकाराचा आणि भिंगाचा मामला आहे.

सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट म्हणजे या पेशी अंधारात जास्त कामात असतात. अंधारात त्यांच्यातून विद्युतप्रवाह वाहत असतो आणि त्या सतत रसायन सोडत असतात. उजेड पडला की हा प्रवाह मंदावतो, आणि पुढच्या पेशींना त्यावरूनच उजेडाची खबर कळते. हा अखंड प्रवाह चालू ठेवायला प्रचंड ऊर्जा लागते. वजनाच्या मानाने पाहिलं तर शरीरात सर्वाधिक प्राणवायू खाणाऱ्या ऊतींमध्ये पडद्याची गणना होते. त्याची ही भूक भागते बारीक रक्तवाहिन्यांतून. मधुमेह घाव घालतो तो नेमका याच रक्तवाहिन्यांवर.

एक प्रयोग, आत्ताच करून पाहा

कोऱ्या कागदावर एक फुली काढा. तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर छोट्या बटणाएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एक फुटावर ठिपका नाहीसा होईल. आणखी जवळ आणला की परत येईल.

ठिपका गेला तिथे तुमच्या पडद्यावर एकही प्रकाशपेशी नाही. पडद्यातून निघालेले सगळे तंतू तिथे एकत्र येतात आणि नस बनून डोळ्याबाहेर पडतात. या अंधबिंदूकडे फ्रान्सच्या एद्म मॅरिओट यांनी सतराव्या शतकातच लक्ष वेधलं होतं. आपल्या पडद्याची मांडणी उलटी असल्यामुळे हे घडतं. प्रकाशपेशी सर्वांत मागे आणि तंतू पुढच्या बाजूला, म्हणून बाहेर पडायला त्यांना पडद्यालाच भोक पाडावं लागतं. ऑक्टोपसच्या डोळ्यात प्रकाशपेशी पुढे आणि तंतू मागे असतात, त्यामुळे त्याला अंधबिंदू नाही. उलट्या मांडणीचा फायदाही आहे. मागे असलेल्या प्रकाशपेशी एका काळसर रंगद्रव्याच्या थराला टेकून असतात. हा थर त्यांना पोषण पुरवतो आणि त्यांची रोज झडणारी टोकं गिळून साफ करतो.

आता तोच प्रयोग वहीच्या रेघी पानावर करा. ठिपका जाईल, पण त्याच्या जागी भोक दिसणार नाही. रेघ अखंड गेलेली दिसेल. जिथून काहीच माहिती येत नाही, तिथे मेंदू आजूबाजूच्या मजकुरावरून जागा भरून टाकतो. हे जन्मभर चालू असतं आणि आपल्याला कधीही जाणवत नाही. शिवाय एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा पाहत असतो.

‘मला नीट दिसतंय’ या वाक्यावर पडद्याच्या बाबतीत विसंबता येत नाही, ते यामुळे. पडद्याच्या कडेला छोटीमोठी जागा निकामी झाली तरी मेंदू ती झाकून टाकतो.

साखर पडद्याचं काय करते

रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंती जागोजागी फुगतात. तपासणीत त्या लाल टाचणीटोकांएवढ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतून रक्त आणि पाणी झिरपतं. काही वाहिन्या बंदच पडतात. याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. या टप्प्यावर रुग्ण तक्त्याची शेवटची ओळही वाचून दाखवू शकतो.

नजर जाते ती पुढे, दोन वाटांनी. झिरपलेलं पाणी मॅक्युलात साचलं की मधलं दिसणं धूसर होतं, सरळ रेघा वाकड्या दिसतात. दुसरी वाट जास्त घातक. रक्तपुरवठा बंद झालेला भाग प्राणवायूसाठी तळमळतो आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतो. वाहिन्या येतात, पण कच्च्या आणि भलत्याच जागी. त्या फुटल्या की डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरतं आणि सकाळी उठल्यावर एका डोळ्यापुढे एकदम अंधार असतो. त्यांच्याभोवती तयार झालेले धागे आकसले तर पडदाच ओढून काढतात. रुग्णाच्या लेखी आजार ‘अचानक’ झालेला असतो. खरं तर तो कित्येक वर्षं चालू होता.

‘चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासलं की’

ते यंत्र नंबर मोजतं. पडद्याकडे ते पाहतच नाही. पडदा पाहायचा तर बाहुली मोठी करावी लागते. थेंब घालून वीस-तीस मिनिटं डोळे मिटून बसवतात. मग डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा असं करत पडद्याचा कोपरान्‌कोपरा पाहतात. नंतर काही तास जवळचं पुसट दिसतं आणि उजेड सोसत नाही. म्हणून सोबत कुणाला तरी न्यावं, गाडी चालवू नये, गॉगल असू द्यावा. अर्धा दिवस जातो हे खरं. पण हा अर्धा दिवस वर्षातून एकदाच द्यायचा आहे. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर, कारण तो बहुधा आधीपासून नकळत असतो. टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात, मग दरवर्षी. मधुमेही बाईला दिवस राहिले तर लगेच.

‘माझी शुगर तर कंट्रोलमध्ये आहे’

उत्तम, आणि त्याचा फायदा निश्चित होतो. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत रेटिनोपॅथी नव्याने सुरू होण्याचा धोका तीन-चतुर्थांशांनी कमी झाला होता. पण कमी झाला, शून्य झाला नाही. मधुमेहाला किती वर्षं झाली, रक्तदाब किती आहे, मूत्रपिंडं कशी आहेत, या सगळ्यांचा हिशेब पडद्यावर उमटतो.

‘डोळ्यात इंजेक्शन? नको रे बाबा’

ऐकूनच अंगावर काटा येतो, ही भीती मला अगदी रास्त वाटते. म्हणून नेमकं काय करतात ते सांगते. डोळा थेंबांनी बधिर करतात, जंतुनाशकाने धुतात, पापण्या छोट्या चिमट्याने उघड्या ठेवतात. सुई बाहुलीतून घालत नाहीत. काळ्या वर्तुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून घालतात. औषध असतं ०.०५ मिलिलिटर, म्हणजे थेंबभर. काही सेकंदांचं काम. नव्या वाहिन्या वाढवणाऱ्या त्या प्रथिनाला हे औषध अडवतं, त्यामुळे झिरपणं कमी होतं. त्रास आहे तो वेगळाच: औषधाचा परिणाम टिकत नाही, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला घ्यावं लागतं आणि खर्च वाढत जातो. आपल्याकडे अनेक जण तिथेच उपचार सोडतात. म्हणून पहिल्याच भेटीत एकूण किती इंजेक्शनं लागू शकतील आणि त्यातल्या त्यात स्वस्त औषध कुठलं, हे न लाजता विचारा.

लेझरबद्दल उलट तक्रार असते: ‘लेझर केलं, तरी नजर वाढली नाही.’ त्याचा हेतूच तो नाही. कडेच्या उपाशी भागावर शेकडो बारीक चटके देऊन त्याची प्राणवायूची मागणी कमी करतात, म्हणजे मधला भाग वाचतो. १९७० च्या दशकातल्या अमेरिकन चाचणीत या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आहे ती नजर राखणं, एवढंच लेझरचं काम, आणि ते थोडं नाही.

मधुमेह नसला तरी: पडदा सुटतो तेव्हा

पडद्याला फट पडली की डोळ्यातला द्रव मागे शिरतो आणि पडदा त्या काळसर थरापासून सुटतो. पोषण तुटल्यामुळे पेशी मरू लागतात. जास्त मायनस नंबर, डोळ्याला मार, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांनंतर धोका वाढतो. बाजूला विजेसारखं चमकणं, एकाएकी पुष्कळ काळे ठिपके तरंगू लागणं, एका कडेने सावली सरकत येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, आणि मॅक्युला सुटण्याआधी ऑपरेशन झालं तर मिळणारी नजर आणि नंतर मिळणारी नजर यांत फार अंतर असतं.

‘बिघडलाच तर बदलता येईल ना?’

नेत्रदानातून दुसऱ्याला बसवतात ते पारपटल, पडदा नव्हे. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात चेहऱ्याच्या भागासह संपूर्ण डोळ्याचं रोपण झालं. डोळा जगला, पडद्याला रक्त पोचलं, पण दृष्टी आली नाही. दहा लाखांहून जास्त तुटलेले तंतू मेंदूतल्या आपापल्या जागी पुन्हा जोडायची विद्या अजून कुणाकडे नाही. आरपीई६५ नावाच्या एका जनुकातल्या दोषामुळे येणाऱ्या अंधत्वावर २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. तोही पडद्यात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तरच उपयोगी.

जी बाळं सांगूच शकत नाहीत

मोठ्या माणसाला निदान उशिरा का होईना कळतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तेही नाही. पडद्याच्या रक्तवाहिन्या केंद्रापासून वाढत वाढत कडेला पोचतात आणि हे काम नवव्या महिन्याच्या अखेरीस पुरं होतं. बाळ लवकर बाहेर आलं की ती वाढ अर्धवट थांबते. मग मधुमेहात होतं तसंच, उपाशी राहिलेली कड चुकीच्या वाहिन्या मागवते आणि काही आठवड्यांत पडदा सुटू शकतो. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर बहुतेक बाळांची नजर वाचते.

आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायला हवा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. अतिदक्षता विभागातून बाळ घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर या तपासणीची तारीख लिहून मागा. बाळ तोवर दवाखान्यातच असेल, तर तपासणी तिथे कधी होणार ते विचारा. पहिली तपासणी ठीक आली तरी, वाहिन्यांची वाढ पुरी झाली असं डॉक्टर सांगेपर्यंत पुढच्या तारखा चुकवू नका.